चाचीच्या छपराची ताडपत्री

समाजसेवेची माझी धुंदी कशी उतरली, ते ऐका. उल्हासनगरच्या छावणीत पापड लाटून घर चालवणारी एक सिंधी चाची होती. तिच्या बराकीची कौलं फुटली, म्हणून मी वर चढून ताडपत्री बांधली आणि स्वावलंबनावर भाषणही ठोकलं. नाक्यावर चहा पिऊन परततो, तर पाऊस सुरू आणि छप्पर उघडं! ताडपत्री अंगणातल्या पापडांवर. चाची आणि तिच्या दोन मुली ताडपत्रीची तीन टोकं दाबून बसलेल्या.

"चाची, घर गळतंय!"

"घर सूख जाएगा, बेटा. पापड भीगे तो खाएंगे क्या?"

"मग पापड आत न्या ना!"

"कच्चे हैं, उठाए तो चिपक जाएंगे. भाषण बाद में! चौथा कोना उड रहा है, बैठ!"

बसलो. तेवढं ठोस समाजकार्य माझ्या हातून पुन्हा झालं नाही.