पाणी लई हाय

चहा घ्या, पण माझ्यासमोर पाण्याचं नाव काढू नका.

माझी पुण्याची बहीण दर मे महिन्यात पोरं घेऊन आमच्याकडं वडवणीला येती. मागच्या साली पाण्याला कटाळून दोन दिवसांत परत गेलती. ते मला लई लागलं. म्हणून औंदा मीच फोनवर म्हणलं, "बिनधास्त ये. पाणी लई हाय." नळ आठ दिवसाला येतो, हे काय मी सांगितलं न्हाई.

टँकर आला तशी बायको दिसल त्या भांड्यात पाणी भरत सुटली. टाकी, पिंप, पातेली झाली, मग कुकर, कढई, पापडाचे डबेसुद्धा. दुपारी मी विचारलं, "स्वयंपाक?"

"कढईत पाणी हाय, कुकरात पाणी हाय. तुमच्या टकलावर शिजवू का?"

दोन दिवस आमी नुसती भाकरी आन् ठेचा खाल्ला. कारण तव्यात पाणी थांबत न्हाई.

बहीण आली. रिक्षातून तीन दांडग्या बॅगा उतरल्या. मला वाटलं, खाऊ असंल. तिनं अंगणातच चेन उघडली, तर आत मळक्या चादरी, पडदे आन् गोधड्या.

"दादा, आमच्या सोसायटीत महिनाभर पाण्याचे फार हाल चाललेत. तू म्हणालास पाणी लई हाय, म्हटलं माहेरीच धुऊन नेऊ."

मी बायकोकडं बघितलं. तिनं कोपऱ्यातलं धोपटणं आणून माझ्या हातात दिलं.

"फोनवर लई जोर होता ना? तेवढ्याच जोरानं आपटा आता."