लीकच्या शेजारी कोण?

...नाही, तुम्ही मला एवढंच सांगा, मी चुकलो कुठे? लीक म्हणजे काय हो, कांद्याचा उंच, गोरा चुलतभाऊ. गपचूप मातीत उभा राहतो. त्याला शेजार कशाला बघून द्यायचा? पण नाही! दोन वर्षं माझं लीक अळीने फस्त केलं, तेव्हा बायको म्हणाली, 'अहो, यंदा शेवटचं. ह्या वाफ्यातून एक तरी लीक माझ्या स्वयंपाकघरात आलं नाही, तर तिथे माझे गुलाब.' माझा एकुलता एक वाफा! बारा फूट बाय चार!

म्हणून रोपवाल्या बाईंकडे गेलो. त्यांनी ना खत विचारलं, ना पाणी. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, 'ते सगळं ठीक आहे दादा, पण शेजारी कोण?' मी म्हटलं, निवृत्त पोस्टमास्तर. 'तुमच्या नव्हे हो, लीकच्या!' मग म्हणाल्या, गाजर लावा. लीकच्या वासाने गाजराची माशी गोंधळते, गाजराच्या वासाने लीकचा पतंग गोंधळतो... तुम्हाला सांगतो, त्या वाफ्यात गोंधळायला आधीच मी होतो!

घरी येतो, तर कुंपणावरून पोस्टमास्तर, 'गाजर? छे छे! सेलरी लावा. आणि घेवडा दहा हात लांब! घेवडा म्हणजे लीकचा हाडवैरी!' तेवढ्यात मेहुण्याचा फोन, 'भावोजी, बीट लावा बीट! पण आधी सांगा, शेजारी कोण...' म्हटलं, ठेव फोन!

मी वही काढली. अकरा वर्षं बागेची वही लिहितोय, एक दिवस चुकलेला नाही. दोन रकाने आखले: चांगले शेजारी, वाईट शेजारी. गाजर, सेलरी, बीट इकडे. घेवडा तिकडे, खाली दोन रेघा. बाईंकडून रोपांचे दोन ट्रे आणले होते, एक लीकचा, एक कांद्याचा. त्यांवर बाईंच्या सुरेख अक्षरातल्या चिठ्ठ्या. आता मला सांगा, असं अक्षर पाण्यात भिजू द्यायचं? मी त्या चिठ्ठ्या अलगद सोडवल्या आणि वहीत चिकटवल्या. डिंक लावून. तारीख घालून!

आणि वळून बघतो तर... दोन्ही ट्रेंत तेच हिरवे केस! पण मी डगमगलो नाही. लीक डावीकडे होतं, हे पक्कं आठवत होतं. फक्त मी ट्रेच्या कुठल्या बाजूला उभा होतो, तेवढं आठवेना.

डावं ते लीक, असं धरलं. काठीने वीतभर खोल भोकं, एकेका भोकात एकेक रोप, एका हाताला गाजर, दुसऱ्या हाताला सेलरी, टोकाला बीट. उरलेला ट्रे बायकोला दिला, 'हा कांदा, लाव कुठेही.' तिने नळाजवळ खोचला. शेजारी कोण? घेवडा! पण कांद्याची काळजी मी कशाला करू?

पाच महिने रोजची नोंद आहे, हवी तर दाखवतो. 'लीकचं पान नळीसारखं गोल. प्रकृती उत्तम.' 'बुंधा फुगला. गाजराच्या संगतीचा गुण.' बुडाशी माती चढवत होतो, दांडा पांढराशुभ्र राहावा म्हणून!

गेल्या महिन्यात काढणी. साक्षीला मेहुणा, कुंपणावर पोस्टमास्तर. पहिलं रोप उपटलं... कांदा. दुसरं... कांदा! गोल, गुबगुबीत, खुशाल! मी वही चाळतोय, कुठे चुकलं, कुठे चुकलं... आणि नळाकडून बायको येते, हातात मनगटाएवढं जाड लीक, पान अन् पान धडधाकट! 'अहो, तुमचा कांदा फार लांब झालाय हो!'

मी म्हटलं, अगं, पण शेजारी घेवडा होता! हे आलंच कसं?

ती म्हणाली, 'त्याला घेवडा चालला, सगळे चालले. फक्त तुमचा शेजार नको होता.'

वाफ्यात आता गुलाब आहेत. लीक स्वयंपाकघरात आलं, पण ह्या वाफ्यातून नाही, त्यामुळे मला बोलायला जागा नाही. गुलाबांच्या चिठ्ठ्या ती रोज मोजते. मी वही उघडली, 'वाईट शेजारी'मधला घेवडा खोडला आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं.

तारीख घालून.