काकांना न दिलेलं पत्र

मी, प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाच्या कार्यालयातली सभालिपिक, वय ५४ वर्षे, राहणार बस आगारामागची कर्मचारी वसाहत, आज सकाळी सव्वाअकरा वाजता कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात येऊन सांगते की,

वरील कार्यालयात मी एकवीस वर्षं नोकरीला आहे. मंडळावर सात सदस्य असतात. प्रत्येकाची मुदत चार वर्षं, आणि ती नेमणुकीच्या आदेशापासून मोजायची, पहिल्या सभेपासून नाही. पूर्वी नवा सदस्य येईपर्यंत जुन्याने बसायची सवलत होती. ती गेल्या वर्षी काढून टाकली. ती दुरुस्ती मीच टाइप केली, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला तोंड नाही. मुदत संपल्याचं पत्र सदस्याच्या हातात देऊन पोच घेणं हे माझं काम.

प्रवाशांतर्फे नेमलेले सदस्य निवृत्त बसचालक आहेत. ऑफिसात सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतात. थोरलीच्या वेळी मी पोटुशी होते तेव्हा ते माझ्यासाठी बस मिनिटभर जास्त थांबवायचे. काकू गेल्यापासून महिन्याची सभा एवढंच त्यांना उरलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधी यायचे आणि शिपायाला पंखा पुसायला लावायचे.

त्यांची मुदत मागच्या महिन्याच्या ३ तारखेला संपली. पत्र मी तयार केलं, पाकीट बंद केलं, पण देणं जिवावर आलं म्हणून खणात ठेवलं. एका सभेनं काय बिघडतंय, असं वाटलं.

१६ तारखेच्या सभेआधी काकांनी मला विचारलं, "बाई, माझी मुदत आहे ना अजून? मला तर संपल्यासारखी वाटते."

मी म्हटलं, "आहे हो काका, बसा तुम्ही."

त्या सभेत रुग्णालयाच्या फाटकासमोरचा थांबा रस्त्यापलीकडे हलवायचा ठराव चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला. चौथा हात काकांचा. फाटकात रुग्णवाहिका अडकलेल्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. ते मत त्यांनी मनापासून दिलं. पण ते तिथे नसते तर तीन-तीनवर ठराव पडला असता.

थांबा हलल्यावर नवव्या दिवशी दुपारी रस्ता ओलांडताना एक म्हातारी बाई ट्रकखाली गेली. ती डोळे तपासायला आली होती. मुदत संपलेल्या माणसाच्या मतावर थांबा हलला, अशी तिच्या मुलाची तक्रार आहे. ती खरी आहे. बातमी कळली त्या दिवशी मी घरी जाऊन स्वयंपाक केला, जेवले, आणि कोणाजवळ अवाक्षर काढलं नाही.

काल काकांनी आपल्याकडे लिहून दिलं की पत्र त्यांना २ तारखेलाच मिळालं होतं, खुर्ची सोडवेना म्हणून त्यांनी ते फाडलं. आमच्या ऑफिसच्या शिपायाने हे सांगितल्यावर मी त्यांच्या घरी गेले. दार अर्धवट उघडून ते म्हणाले, "पोरी, तुझी चार वर्षं राहिलीत नोकरीची. घरी जा."

मी खरंच घरी गेले. मला सगळ्यात जास्त लाज त्याची वाटते.

त्यांनी फाडलं म्हणतात ते पत्र मी सोबत आणलं आहे. पाकीट अजून बंद आहे, पोचेवर कोणाची सही नाही. ते आपण उघडावं.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात हवालदारांनी 'दयेपोटी' असा एक शब्द घातला होता, तो मी खोडायला लावला. बाकी सगळं मी सांगितलं तसंच आहे.