अनुक्रमणिकेत अख्खा प्रबंध

छपाईच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला पुढच्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकायचं नव्हतं; पण कानांना काही झाकण नसतं.

“अरे, ही अनुक्रमणिका आहे की अख्खा प्रबंध?”

“छान दिसावं म्हणून मी सगळं सिलेक्ट केलं आणि हेडिंगची स्टाइल दिली.”

“सगळ्याला? मग प्रत्येक परिच्छेद मथळा झाला आणि अनुक्रमणिकेत जाऊन बसला! दुपारी विद्यापीठातली प्रबंध घ्यायची खिडकी बंद होते. आज दिला नाही तर वर्ष गेलं माझं.”

“हळू गं, लोक बघतायत. उलटं करता येतं ना?”

“सेव्ह करून बंद केलीस तू फाइल. आता हातानेच. तो कॉम्प्युटर रिकामा झालाय, बस. पहिली दोन प्रकरणं तुझी. मथळे तेवढे ठेव, बाकी साधं कर. शेवटाकडून मी माझ्या लॅपटॉपवर करत येते.”

“पण मथळा कुठला, ते मला कसं कळणार?”

“वाचलायस ना? दुसऱ्या प्रकरणाला डोळे भरून आले म्हणाला होतास.”

“हो, म्हणजे... वरवर...”

“काय आहे दुसऱ्या प्रकरणात?”

“अगं, इथे कशाला आता...”

“पुढे कोण?” दुकानदार ओरडला.

ती मागे वळली.

“आजोबा, तुम्ही व्हा पुढे. यांचं अजून वाचायचं राहिलंय.”