आईच्या खोलीतली जमीन

(कोपरगाव, १९९६. गळिताचा हंगाम. आईच्या खोलीत दोघं : महेंद्र, जर्मनीहून रजेवर आलेला, आणि त्याची धाकटी बहीण प्रज्ञा, इथल्याच शाळेत शिक्षिका. आई बाहेर ओट्यावर उन्हाला बसलीय.)

महेंद्र : ...तेच सांगतोय, लाकडी जमिनीचा हा दुसरा नमुना बघ. वर ओक लाकडाचा थर, खाली प्लायचे थर, उभे-आडवे चिकटवलेले. आपल्या हवेत हाच टिकेल.

प्रज्ञा : आणि पहिला?

महेंद्र : तो आख्खा ओक. दिसायला झकास, घासून पुन्हा पुन्हा पॉलिश करता येतो. पण नखरे फार. पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आकसणार. फटी पडल्या की पाय ठेवला रे ठेवला, कुरकुर सुरू.

प्रज्ञा : फार वाजतं?

महेंद्र : आमच्या घरमालकिणीकडे आहे ना. ती उठली की मला खालच्या मजल्यावर कळतं.

प्रज्ञा : पावसाळ्यातपण?

महेंद्र : तेव्हा फळ्या घट्ट बसतात, आवाज कमी होतो. का गं?

प्रज्ञा : मग पावसाळ्यात मी जागी राहीन. दादा, आख्खाच टाक.

महेंद्र : डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आई फरशीवर घसरली, हात मोडला, म्हणून मी मुंबईचा व्यापारी गाठला, नमुने आणले. आणि तुला कुरकुरणारी जमीन पाहिजे?

प्रज्ञा : फरशीवर नाही पडली ती.

महेंद्र : म्हणजे?

प्रज्ञा : नगर-मनमाड रोडवर पडली. उसाच्या ट्रॅक्टरपुढं. त्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून आज ओट्यावर बसलीय.

महेंद्र : रोडवर? तिथं काय करत होती?

प्रज्ञा : बाबांना डबा द्यायला निघाली होती. कारखान्यावर.

महेंद्र : बाबांना? ते जाऊन इतकी वर्षं झाली!

प्रज्ञा : हो. पाळी सुटायच्या आत पोचायचं म्हणते. रिकामा डबा घेऊन, अनवाणी. दिवस नाही, रात्र नाही. एकदा तर मी इथंच पेपर तपासत होते, मान वर केली तर ही गायब.

महेंद्र : मला फोनवर का नाही सांगितलंस?

प्रज्ञा : तिकडे बसून काय करणार होतास? तू उत्साहानं म्हणालास, लाकडी जमीन करू. नको म्हटलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं.

महेंद्र : अगं, मग दाराला कडी लाव.

प्रज्ञा : लावली होती. दारावर डोकं आपटून घेतलं तिनं. उंटावरून शेळ्या हाकू नकोस, दादा. मला झोप अशी नाहीच राहिली. पान हललं तरी उठून बघते. डोळा लागला की दचकून जागी होते, आणि ती अंथरुणात दिसेपर्यंत जिवात जीव नसतो माझ्या.

महेंद्र : तिला डॉक्टर...

प्रज्ञा : नाशिकला नेऊन आणलं. वय झालं म्हणाले. लक्ष ठेवा म्हणाले. मी एकटी किती लक्ष ठेवू?

महेंद्र : रडू नकोस गं. चुकलं माझं... हळू बोल, आई आत येतेय.

आई : म्हेंद्रा, कशाची रं खुसुरफुसुर? म्हातारी झाले म्हून काय भैरी न्हाई झाले.

महेंद्र : काही नाही गं. जमिनीचं बघत होतो. ही गप राहते, ही जरा कुरकुरते.

आई : कुरकुरती ती टाक.

प्रज्ञा : आई, तू पड बरं जरा. आम्ही बघतो.

आई : थांब गं. सगळं ऐकलंय म्या.

महेंद्र : आई, ती रात्रभर वाजत राहील. तुझी झोपमोड होईल.

आई : हू दे. मला बी लई भ्या वाटतं, लेकरा. चालता चालता मधीच शुद्ध येती, तवर मी रस्त्यात आसते. पायाखाली वाजलं, तर मला बी कळंल, मी उठले म्हून.