फुटणाऱ्या गोळ्या

रायपुरात दातांच्या दवाखान्यात इरावती दुखरी दाढ धरून बसली होती. शेजारी एक म्हातारं जोडपं मांडीवर डबा घेऊन बसलं होतं.

"डॉक्टरले काय सांगाल?" म्हातारीनं विचारलं.

"कवळी गोळीत फसली म्हणीन."

"कोणत्या गोळीत?"

"तोंडात तडतड फुटते त्या. साखरेच्या पाकात लिंबूसत्त्व अन् खायचा सोडा टाकला. नातीसाठी केल्या."

"पोट्टी उद्या येणार. तुम्ही आजच काहून खाल्ल्या?"

"फुटते का नाही, पाहून राहिलो होतो."

"मग फुटली?"

"नाही ना. म्हणून अजून एक टाकली. अशा सात झाल्या. साऱ्या चिकटल्या अन् कवळीच घेऊन बाहेर आल्या."

"कानात मशीन होती तुमच्या?"

"खाताना? नाही."

"तडतड तर मले स्वयंपाकघरात ऐकू आली. मले वाटलं, फोडणी देऊन राहिले."

म्हाताऱ्यानं डबा उघडून गोळ्यांत अडकलेली कवळी पाहिली.

"म्हणजे जमल्या, इंदू."

"हव, जमल्या."

"श्रीपादजी, अंदर आइए," आतून हाक आली. डबा छातीशी धरून तो लगबगीनं आत गेला. इरावतीला दाराआडून त्याचा आवाज ऐकू आला.

"डॉक्टर साहब, दांत टूटे तो टूटे, गोली मत टूटने देना. पोती को दिखानी है."