खिशातलं गाजर

रक्ततपासणीच्या खोलीत नोरीन नंबरची वाट बघत होती. पलीकडे म्हातारा मर्व्ह, त्याची मुलगी ग्लेनिस आणि तीन वर्षांची नात टिली.

"रविवारी शेतावर काय मजा आली! टिलीनं तिथलं गाजर थुंकूनच टाकलं. म्हणे, पॉपचंच गोड. म्हणजे माझंच, आजोबाचं," मर्व्ह नोरीनला सांगत होता.

"डॅड, हळू बोल."

"का? आहेच गोड. राख घालतो मी घरच्या वाफ्यांना."

"कसली राख?" ग्लेनिसनं विचारलं.

"घराच्या जुन्या फळ्यांची. टिलीची खोली नवी केली, तेव्हाच्या. सगळ्या जाळल्या आणि राख साठवली. वाया कशाला घालवायची?"

"रंगासकट जाळल्यास?"

"मग काय, खरवडत बसू?"

"डॅड, त्या रंगात शिसं असतं."

"बरं, मग?"

"मग तिच्या रक्तात शिसं सापडलंय. म्हणून तर परत आलोय."

मर्व्हचा हात कोटाच्या खिशाकडे गेला.

"डॅड?"

"मी पुसून द्यायचो गं. प्रत्येक गाजर पँटला पुसून."

"एकोणीस नंबर!"

"माझा आहे," नोरीन म्हणाली, "पण तुम्ही जा आधी."

"पॉप, सुई टोचल्यावर गाजर देणार ना? खिशातलं?"

मर्व्हनं कोटाच्या खिशाचं तोंड मुठीत आवळून धरलं.

"ग्लेनिस, तिला तू सांग."